एका पंगतीत दोन ताकं

माणसानं कडबा खावा की नाही, यावर त्या वर्षी निंबाळवाडीच्या माळावर जेवढे विनोद झाले तेवढे एखाद्या लग्नघरातही झाले नसतील. त्यातले निम्मे बिरुदेवचे. बिरुदेव हा सौरपार्कात काचा पुसणाऱ्या टोळीचा मुकादम. त्याच्या आज्याची मेंढरं याच माळावर चरत असत. सकाळी शर्वरीच्या यंत्राच्या नळीत फुंकायची पाळी आली, की तो आधी टोपी काढून डोकं चाचपायचा.

"मॅडम, शिंगं कुठवर आली बघा."

"अजून कोंबच आहेत. फुंका."

तो फुंकायचा, यंत्र गुरगुरायचं, पडद्यावर एक ठिपका उमटायचा आणि मागची रांग एक पाऊल पुढे सरकायची.

विनोदांमागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी एकेकाळी पौषातल्या थंडीत फुलायची. आता पौषातच उन्हाळा सुरू होई. फुलोऱ्यावर गरम वारं गेलं की परागकण करपत, दाणा भरत नसे आणि कणसं पोचट निघत. ताटं मात्र पुरुषभर वाढत. शेतात कडब्याच्या गंजी आणि घरात रिकामे डबे, गुरांची चंगळ आणि माणसांचं रेशन, असं उलटंच चित्र झालं होतं. पुण्याच्या ज्या संस्थेत शर्वरी काम करत होती, तिथे म्हणूनच एक प्रश्न गेली काही वर्षं शिजत होता: गाईला जे पचतं ते आपल्याला का पचू नये?

उत्तराचा अर्धा भाग संस्थेत तयार झाला होता. उरलेला अर्धा तपासायला एकाच ठिकाणी, एकसारखं जेवण रोज जेवणारी माणसं हवी होती. शर्वरीला सासरचं गाव आठवलं. सौरपार्काच्या शेडमध्ये चाळीस माणसं रोज दुपारी पंगतीला बसत आणि त्यांचा स्वयंपाक तिच्या सासूबाई करत. सगळं गाव त्यांना कांचनअक्का म्हणे. शर्वरी त्यांना आई म्हणायची. तिचा नवरा प्रथमेश समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता, दोन-दोन महिने घरी येत नसे. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सासूसुनेला एकमेकींची ओळख करून घ्यायची ही पहिलीच सवड होती.

पहिल्या दिवशी शर्वरीनं चाळीस जणांना शेडसमोर उभं केलं आणि हात धरायला सांगितले.

"सगळ्यांनी माझ्याकडे तोंड करा. तुम्ही प्रत्येक जण म्हणजे साखरेचा एक कण. ग्लुकोज. तुमच्या उजव्या हातात शेजाऱ्याचा डावा हात. ही झाली ज्वारीच्या दाण्यातली साखळी, स्टार्च. आता मी तुमच्या पोटातलं विकर, एन्झाइम. मला एकच काम येतं: माझ्याकडे तोंड केलेल्या दोघांचे हात सोडवायचे." तिनं भराभर दोनचार हात सोडवले. "सुटले, साखर झाली, रक्तात गेली. आता परत हात धरा, पण एकाआड एकानं पाठ फिरवायची."

बरीच गडबड झाली. बिरुदेवनं पाठ फिरवली आणि शेजारच्या पूजाताईंना म्हणाला, "रुसलो बरं का." आता उजव्या हातात उजवा आला आणि डाव्यात डावा. रांग आपोआप दोरीसारखी सरळ झाली.

"ही कडब्यातली साखळी, सेल्युलोज. माणसं तीच, साखर तीच. फक्त धरलेल्या हातांची तऱ्हा वेगळी. आणि माझ्या विकराला ही गाठ सोडवता येत नाही. म्हणून कडबा पोटात जातो तसाच बाहेर येतो."

"मग गाईला येतं ते कसं?" पूजाताईंनी विचारलं.

"गाईलाही येत नाही. तिच्या पोटातल्या जिवाणूंना येतं. ते गाठी सोडवतात, साखर स्वतः खातात आणि उरलेली आम्लं टाकून देतात. त्या टाकलेल्या आम्लांवर गाय जगते. आपल्या आतड्यातही असे थोडे जिवाणू असतात, पण या कामात आळशी. आम्ही एक कामसू जिवाणू घडवलाय. तो ताकातून द्यायचा."

"म्हणजे आमी गाय न्हाई, गोठा," बिरुदेव म्हणाला.

"भाकरी गार होतीय," शेडमधून अक्कांनी हाक दिली, आणि साखळी तुटून सगळे आत पळाले.

भाकरी अर्थातच खास होती. ज्वारीच्या पिठात कडब्याचं बारीक दळलेलं पीठ. पहिल्या दिवशी तिला चिरा गेल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांनी पाणी कढत घेतलं, पीठ जास्त मळलं, आणि तिसऱ्या दिवसापासून कडबा मुकाट्यानं फुगायला लागला. त्या पिठात शर्वरी रोज थोडं निराळं पीठ मिसळत असे. संस्थेच्या बंद तंबूत, जड कार्बनची हवा पुरवून वाढवलेल्या ज्वारीच्या ताटांचं. ते आधी धुऊन त्यातला विरघळणारा गोडवा काढून टाकलेला. जड कार्बन अपायकारक नसतो, फक्त वजनानं रेसभर जास्त. तो ज्याच्या श्वासातून बाहेर येईल त्याच्या पोटात कडबा मोडला असं समजायचं. यंत्र तेवढंच मोजत होतं.

आता प्रश्न होता तुलनेचा. रोज कडबा खाऊन कुणाची आतडी आपोआपच तयार झाली, तर श्रेय जिवाणूला चुकून मिळेल. म्हणून ताकाचे दोन माठ होते, एकाला निळा पट्टा, एकाला पिवळा. एकात जिवाणू, दुसऱ्यात नुसतं ताक. रंग, वास, चव सारखीच. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांच्या मनगटावर निळी फीत बांधली, निम्म्यांच्या पिवळी. निळ्यांना निळ्या माठातलं, पिवळ्यांना पिवळ्यातलं. कोणत्या माठात काय, हे शर्वरीलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त पुण्याला माहीत.

पहिले दोन-तीन दिवस पंगतीत कुरबुर झाली. पिवळ्यांचं ताक दाट दिसतं, असं निळ्यांना वाटे. निळ्यांना जरा जास्तच मिळतं, असं पिवळ्यांना. बिरुदेव निळा होता. "अक्का, त्या बाजूला जावई बसलेत काय?" असं त्यानं विचारल्याचं शर्वरीनं पलीकडच्या खोलीतून ऐकलं आणि ती हसली. चौथ्या दिवसापासून कुरबुर थांबली. लोकांना सवय झाली, असं तिनं धरलं.

सहा आठवड्यांनी पडद्यावरचे ठिपके जोडून तिनं दोन रेषा काढल्या. निळ्यांची रेषा सुरेख चढली होती. पिवळ्यांचीही तितकीच चढली होती. दोन रेषा एकमेकींवर अशा बसल्या होत्या, की पिवळी शोधायला निळी पुसून बघावी लागली.

प्रकल्पाच्या देखरेख समितीचे प्रमुख डॉ. उकिडवे कमी बोलत, आणि जे बोलत ते मोजून.

"शर्वरी, दोन शक्यता," ते पडद्यावरून म्हणाले. "एक, तुमचा जिवाणू काहीच करत नाही आणि कडबा खाऊन सगळ्यांचीच आतडी शिकली. तसं असेल तर प्रकल्प बंद, कारण मग ताकाची गरज नाही. दोन, जिवाणू काम करतो, पण तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे आपण होऊन पसरतोय. तसं असेल तर प्रकल्प आजच बंद, आणि चाळीसही जणांना औषध देऊन तो मारायचा. यातली कोणती, ते सोमवारपर्यंत सांगा."

"तिसरी शक्यता, सर?"

"तुम्हाला दिसली तर मलाही दाखवा."

तिनं सगळ्यांचे शौचाचे नमुने तपासले. कामसू जिवाणू निळ्यांत होता तसाच पिवळ्यांतही होता. म्हणजे पहिली शक्यता मागे पडली आणि नको असलेली दुसरी उरली. शर्वरी यंत्रासमोर बसून राहिली. माणसानं घडवलेला जीव सांगितलेली वेस ओलांडून गावभर फिरतोय, ही बातमी फुटली तर हाच काय, असा कुठलाच प्रयोग पुन्हा होणार नव्हता. आणि तो ज्या गावात फिरला ते तिचं सासर होतं.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. या जिवाणूला त्यांनी दावं बांधलं होतं. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांच्या विटांनी बांधली जातात त्या विटा निसर्गात वीस तऱ्हेच्या. जवळजवळ सगळी सजीव सृष्टी तेवढ्यावरच चालते. या जिवाणूच्या बांधणीत त्यांनी एक निराळी वीट घातली होती, प्रयोगशाळेतच बनणारी, निसर्गात कुठेही न सापडणारी. ती रोज मिळाली तरच तो जगायचा. ती फक्त जिवाणूच्या ताकात मिसळलेली असे. साध्या ताकात मुद्दाम घातलेली नव्हती, हेतू हा की चुकून कुणाकडे भटकलाच तर तिथे तो उपाशी मरावा. मग पिवळ्यांच्या की निळ्यांच्या, ज्यांच्या कुणाच्या वाट्याला साधं ताक होतं त्यांच्या पोटात तो जगला कसा?

तिनं लघवीचे नमुने काढले आणि ती वीट शोधली. चाळीसही जणांत सापडली.

शर्वरीनं खुर्ची मागे सरकवली. जिवाणू पसरू शकतो. तो जिवंत आहे, त्याला तेवढं येतं. पण अमिनो आम्ल निर्जीव. ते कुणाच्या अंगावर चढत नाही, हस्तांदोलनात वाढत नाही. ते दिसलं तर कुणीतरी हातानं दिलेलंच असतं.

ती उठली आणि शेडच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली. आत पंगत बसत होती. अक्कांनी निळ्या पट्ट्याचा माठ उचलला आणि मोठ्या स्टीलच्या पातेल्यात उपडा केला. मग पिवळ्या पट्ट्याचा उचलला आणि त्यातच उपडा केला. वरून मीठ, कोथिंबीर. रवी फिरवली.

"आई, हे काय करताय?"

"ताक कालवतीय."

"दोन्ही एकत्र?"

"मग?" अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "बाजूला हो, पंगत बसलीय."

पंगत वाढून होईपर्यंत त्यांना अडवणं शक्यच नव्हतं. शर्वरी खांबाला टेकून बघत राहिली. अक्का ओगराळं बुडवत, ते पेल्याच्या काठाशी धरत, आणि चाळीस पेल्यांत एकसारखी पातळी ठेवत पुढे जात होत्या. बिरुदेवला जेवढं, तेवढंच टोळीतल्या सगळ्यांत धाकट्या पोराला. निळ्याला जेवढं, तेवढंच पिवळ्याला. इतकं शिस्तशीर वाटप होतं, की शर्वरीला हसावं की रडावं कळेना.

माणसं उठली, शेड झाडून झाली, तेव्हा तिला बोलता आलं.

"आई, तुम्हाला एक काम सांगितलं होतं. एकच. निळ्यांना निळं, पिवळ्यांना पिवळं."

"सांगितलं हुतंस. तीन दिवस केलं पण." अक्का पातेलं घासत होत्या. "माणसं एकमेकांच्या पेल्यात बघायला लागली. बिरु मला जावई कोण म्हणून इचारतो. मी म्हटलं, ह्या शेडात असलं चालायचं न्हाई. एका पंगतीत दोन ताकं कशी वाढायची गं?"

"ते जेवण नव्हतं आई, तो प्रयोग होता. आता सगळा वाया गेला."

हे ती जरा जोरात बोलली. अक्कांनी पातेलं पालथं घातलं, हात पुसले आणि शांतपणे आपलं ताट वाढून घेतलं. त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवत. दोन भाकऱ्या, डाळकांदा, शेंगदाण्याची चटणी. एक घास झाल्यावर म्हणाल्या,

"माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरदेवाकडच्यांच्या पानावर तुपाची धार धरली. आमच्या पानावर पळी नुसती दाखवली आणि फुडं गेले. माझा बाप खाली मान घालून जेवला. मी शेजारी हुते, नऊ-दहा वर्षांची. तवापासनं मी जिथं वाढीन तिथं पंक्तिप्रपंच न्हाई. तू म्हणालीस निळ्याला निळं. कशापायी, ते कुठं म्हणालीस?"

"पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. हात धरून, रांग करून..."

"तवा मी तव्याफुडं हुते."

शर्वरीला ती हाक आठवली. भाकरी गार होतीय. चाळीस जणांना साखळी समजावली होती. ज्यांच्या हातात दोन्ही माठ होते त्यांनाच तेवढं वगळलं होतं. ती खाली मांडी घालून बसली.

"बरं, आता सांगते. समजा तुम्ही दुधाला विरजण लावलं आणि सकाळी ते आंबट झालं. विरजणानं झालं की उकाड्यानं नासलं, कसं ओळखाल?"

"वासानं."

"वास येत नाही असं समजा. सर्दी झालीय."

अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मग दुसऱ्या भांड्यात तेच दूध तसंच ठेवायचं. बिनविरजणाचं. ते जर चांगलं राहिलं तर विरजणाचा गुण. तेबी आंबलं तर उकाड्याचा."

"तेच. तुम्ही दोन्ही भांड्यांत विरजण घातलंत."

अक्कांचा घास हातातच राहिला. "आगं बया," त्या म्हणाल्या. "मग बुडालंच की सगळं." आणि थोड्या वेळानं, "हे आधी सांगितलं असतंस तर बिरुच्या टाळक्यात ओगराळं घातलं असतं, पण ताक कालवलं नसतं."

शर्वरीला हसू आलं. हसतानाच तिची नजर सासूच्या ताटावर गेली. भाकरी तीच, त्याच पिठाची. ताटाशेजारी पेला होता. त्यात पाणी होतं.

"आई, तुमचं ताक?"

"संपलं की."

"आज?"

"रोजच संपतं. शेवटच्या माणसापातुर पुरतं, तेवढं बास झालं."

"कधीच उरलं नाही? चाखून तरी बघत असाल."

"वाढायच्या आधी चाखतात होय? मी नुसता वास घेते."

शर्वरी उठली आणि धावतच यंत्र घेऊन आली. "आई, यात फुंका."

"खरकट्या तोंडानं?"

"चूळ भरा आणि फुंका."

अक्कांनी पदर सावरून असं फुंकलं, की चूल पेटली असती. यंत्र गुरगुरलं. चाळीस माणसांच्या रेषा वर चढलेल्या होत्या, आणि त्यांच्या पार खाली, जवळजवळ तळाला, एक एकटा ठिपका उमटला.

"मशीन बिघडलं काय?"

"नाही आई. मशीन चांगलं चाललंय." सहा आठवडे तोच कडबा खाल्लेलं, पण ताकाचा थेंब न घेतलेलं माणूस या शेडमध्ये एकच होतं. सगळ्यांना सारखं वाढताना जे स्वतःला वाढायचं विसरलं होतं ते. "मला तुमचे आणखी दोन नमुने लागतील. बाकीच्यांनी दिले ते."

अक्कांना ते नमुने कोणते हे कळायला थोडा वेळ लागला. "सासूकडं असलं मागतात का?" त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डब्या दिल्या, तोंड फिरवून.

त्यात जिवाणू नव्हता. निराळी वीटही नव्हती. चाळीस जणांत रोज वावरून, तीच भांडी घासून, तेच ताक हातानं घुसळून तो अक्कांपर्यंत पोचला नव्हता.

रविवारी शर्वरीनं सगळ्यांना शेडसमोर बोलावलं आणि घडलं ते सांगितलं. ज्यांना साधं ताक मिळायला हवं होतं त्यांनाही जिवाणू गेलाय, कुणाला तो नको असेल तर दावं तोडलं की आठवड्यात मरेल, म्हणजे फक्त ताक थांबवायचं. अक्का तिच्या शेजारी उभ्या होत्या, चूक माझी म्हणायला आलेल्या. त्यांना बोलायला वावच मिळाला नाही.

"म्हणजे मी निळा हुतो का पिवळा?" बिरुदेवनं विचारलं.

"दोन्ही."

"तरीच. मला वाटलंच, हिरवं हिरवं का वाटतंय."

पूजाताई म्हणाल्या, "परत करायचा असेल प्रयोग तर करा मॅडम. पण अक्कांनी सारखंच वाढायला पाहिजे. नाहीतर आम्ही पेले बदलू." बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांनी ते धमकी म्हणून सांगितलं नव्हतं, नियम म्हणून सांगितलं होतं.

घरी येताना शर्वरी वैतागून म्हणाली, "दोन ताकं असल्याशिवाय प्रयोग होत नाही, आणि दोन ताकं असली की ही माणसं जेवत नाहीत."

"एका पंगतीत नको म्हणते मी," अक्का म्हणाल्या. "पहिली पंगत आणि दुसरी पंगत, यात फरक असतोच की. दुसऱ्या पंगतीला आमटी पातळ हुती, भाकरी मात्र गरम मिळती. त्याला प्रपंच कोण म्हणतं?"

शर्वरी चालता चालता थांबली. "चिठ्ठ्या टाकून दोन पंगती. एकीला एक ताक, दुसरीला दुसरं. शेजारच्याच्या पेल्यात तेच. आणि सहा आठवड्यांनी ताकं बदलायची."

"बदलायचीच. न्हाईतर दुसऱ्या पंगतीनं काय पाप केलं?"

असल्या अदलाबदलीच्या प्रयोगावर शर्वरीनं अख्खी परीक्षा दिली होती. ते इथे लावायचं, हे पंगतीचं नाव निघेपर्यंत सुचलं नव्हतं.

सोमवारी डॉ. उकिडव्यांनी तिचा अहवाल दोनदा वाचला. अक्का म्हणाल्या होत्या, माझं नाव घाल. शर्वरीनं घातलं होतं, पण दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ होती: वाढणाऱ्या व्यक्तीला प्रयोगामागचं कारण समजावून सांगणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही.

"'प्रयोग फसण्याचं कारण, पंक्तिप्रपंच टाळणे,'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "इतक्या वर्षांत हे कारण पहिल्यांदाच वाचतोय. समितीत पंजाबचे दोन सदस्य आहेत. त्यांना हे कसं समजावू?"

"त्यांच्याकडे लंगर असतो सर. अर्ध्या वाक्यात कळेल."

"आणि हा खालचा ठिपका. एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे."

"नाही सर. पण प्रश्न बंद करू नये, एवढं तो सांगतो."

उकिडव्यांनी ठिपका मोठा करून पाहिला. "जिवाणू तुमच्या सासूबाईंकडे गेला नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं," ते म्हणाले. "करा. पण या वेळी सगळ्यांत आधी त्यांना समजवा."

"त्यांनीच मांडणी केलीय, सर. अर्धी."

दावं तोडून महिनाभर सगळ्यांना ताकाऐवजी नुसतं पाणी दिलं. रेषा खाली उतरल्या. मग अक्कांच्या पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि बिरुदेवनं त्या सगळ्यांसमोर उचलल्या. तो स्वतः दुसऱ्या पंगतीत गेला आणि भूक लागते म्हणून पहिल्या दिवशी भांडला. दुसऱ्या दिवशी तव्यावरची भाकरी थेट ताटात आली, तेव्हा पहिल्या पंगतीची कीव करायला लागला. कुणी कुणाच्या पेल्यात डोकावलं नाही. डोकावून सारखंच दिसत होतं. ज्या दिवशी ताकं बदलायची, त्या दिवशी अक्कांनी पट्टे तीनदा तपासले आणि शर्वरीला चौथ्यांदा तपासायला लावले. दुसरी पंगत उठल्यावर त्या स्वतः जेवत, पाण्याच्या पेल्यासह. पण आता ते पाणी ठरवून घेतलेलं असे, आणि रोज सकाळी रांगेत सर्वांत शेवटी येऊन त्या नळीत फुंकत.

शेवटी पुण्याहून माठांचं गुपित उघडलं. पडद्यावर एक रेषा चढली होती आणि दुसरी तळाशी रांगत होती. मग ज्या आठवड्यात ताकं बदलली तिथे चढलेली उतरू लागली आणि रांगणारी उठली, आणि मध्ये कुठेतरी दोघींनी एकमेकींना ओलांडलं. सगळ्यांच्या खाली, अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, अक्कांची एक सपाट रेघ होती.

"माझी काय वर गेली न्हाई," अक्का हिरमुसून म्हणाल्या.

"ती तशी राहिली म्हणून बाकीच्या वर गेल्या असं म्हणता येतं, आई."

त्या दिवशी शेडमध्ये एकच पंगत बसली. परवान्याला अजून बरीच वर्षं लागणार होती, आणखी गावं, आणखी पंगती. पण अक्कांची अट पहिल्यापासून होती: सगळं संपलं की एक दिवस एकच ताक, सगळ्यांना. शर्वरीनं बसायच्या पट्टीचं टोक धरून ती आणखी एका माणसापुरती पुढे ओढली आणि बिरुदेवच्या शेजारी पान मांडलं.

"आई, बसा."

"आणि वाढणार कोण?"

"मी."

अक्का पदर खोचून आधी नको म्हणाल्या, मग चाळीस जणांनी जेवायला सुरुवातच केली नाही म्हणून बसल्या. शर्वरी ओगराळं घेऊन निघाली. प्रयोगशाळेत तिचा हात कधी चुकत नसे, पण इथे एका पेल्यात कमी, एकात जास्त पडत होतं, आणि रांगेतून सूचना येत होत्या. शेवटच्या पेल्यापाशी आली तेव्हा पातेल्यात भरपूर उरलं होतं. तिनं अक्कांचा पेला काठोकाठ भरला.

अक्कांनी पेल्याकडे पाहिलं. मग मान वाकवून, डोळा पेल्यांच्या उंचीला आणून आपली आणि बिरुदेवची पातळी पाहिली. पेला उचलला, त्यातलं थोडं बिरुदेवच्या पेल्यात ओतलं, परत वाकून पाहिलं, आणखी दोन थेंब ओतले.

"अक्का, आज तरी राहू द्या की," तो म्हणाला.

"गप बस, गोठ्या," अक्का म्हणाल्या. दोन्ही पेल्यांची पातळी जुळल्याची खात्री झाल्यावर त्यांनी आपला पेला तोंडाला लावला.